लहान नौका आणि त्या वाहून नेणारे हात



तापीच्या खोऱ्यातल्या माणसाने समुद्रावरच्या लढायांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. आमचा जन्म नंदुरबार तालुक्यातील कोरीटचा. समुद्र प्रथम पाहिला तेव्हा आमचे वय विशीच्या पुढे गेले होते. शिक्षण म्हणाल तर शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते हमालांच्या युनियनच्या कचेरीत, रात्री, हाती लागेल त्या पुस्तकातून. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही येथे उभे नाही. मात्र ओझे कसे उचलतात, चार माणसांनी एकदम खांदा कसा द्यावा लागतो, उतरवताना एकाचा पाय घसरला तर काय होते, एवढे आम्हास ठाऊक आहे. आजच्या विषयाला तेवढी पात्रता पुरेल अशी आमची समजूत आहे.

हा विषय आम्हाला एका हमालाने दिला. मिरचीचा हंगाम ओसरला होता आणि बाजाराच्या आवारात काही मंडळी संध्याकाळी बसली होती. आम्ही त्यांना 1971 च्या युद्धात आपल्या आरमाराने कराचीवर केलेल्या हल्ल्याची हकीकत सांगत होतो. ज्या नौकांनी तो हल्ला केला त्या सोव्हिएत रशियातून मोठ्या मालवाहू जहाजांवर लादून आणलेल्या होत्या, असे आमच्या बोलण्यात आले. त्यावर एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांची हयात पाठीवर पोती वाहण्यात गेली, मध्येच विचारले, "भाऊ, त्या होड्या उतारल्यात कोनी?" मंडळी हसली. आम्ही मात्र निरुत्तर झालो. नौकांची नावे आम्हास पाठ होती, कप्तानांची नावे पाठ होती; उतरवणाऱ्यांचा विचार आमच्या मनात आला नव्हता. आयुष्य हमालांच्या प्रश्नांवर घालवलेल्या माणसाला ही गोष्ट सुचू नये, ह्याची आम्हाला लाज वाटली. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले व समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम, उथळ पाण्यात लढणारी नौका कशी असते ते पाहू. तिचा तळ पाण्यात थोडाच बुडतो, अंग हलके असते. म्हणून ती खाडीत, नदीत, खडकांच्या फटीत शिरते. मोठे जहाज जेथे वाळूत रुतेल तेथे ती मोकळी फिरते. पण जो तिचा गुण तोच तिचा दोष. हलक्या अंगात इंधन थोडे मावते, अन्नपाणी थोडे मावते, आणि खवळलेल्या दर्यात तिचा निभाव लागणे कठीण जाते. लहान पाणबुडीचीही हीच अवस्था आहे. त्यामुळे अशी नौका शत्रूच्या दारापर्यंत केवळ आपल्या बळावर क्वचितच पोहोचते. तिला कोणी तरी ओढून, उचलून किंवा लादून न्यावे लागते. इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या तोफेपासून आरंभ करतात. आमचे म्हणणे असे की, लहान नौकांच्या बाबतीत लढाईचा निकाल पुष्कळदा पहिल्या तोफेच्या आधी, वाहतुकीतच, लागू लागलेला असतो. म्हणून विजयाच्या आणि पराजयाच्या हिशेबात वाहतूक करणाऱ्यांची जमा धरलीच पाहिजे.

आता आपल्या घरापासून सुरुवात करू. 1657 च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे त्या खाड्यांच्या काठी जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामावर रुई लैताव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. ही जहाजे उद्या आपल्यावरच उलटतील अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना पडली. त्यांनी ह्या कारागिरांना फितवले व 1659 साली ते काम टाकून निघून गेले. परक्या कारागिरावर सर्वस्वी विसंबलेले काम तेथेच बंद पडावयाचे. पण ते बंद पडले नाही. इथल्या सुतार-लोहारांनी ते पुढे नेले. आणि कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी जातींतल्या माणसांनी त्या जहाजांवर वल्ही आणि दोर हाती घेतले.

ह्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन मुख्य जातींची जहाजे असत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद अंगाची, पण पाण्यात थोडीच बुडणारी. दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची. तिच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत त्याहून पुष्कळ लहान, सत्तर टनांच्या वर क्वचितच जाणारे. त्यावर चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा नसतानाही ते ताशी चार मैल चाले. वारा पडला म्हणजे युरोपियनांची उंच जहाजे शिडे लोंबकळत ठेवून जागच्या जागी उभी राहत. त्या वेळी मराठ्यांची गलबते पुढे होऊन गुराबांना दोर बांधीत आणि वल्ह्यांच्या बळावर ओढून शत्रूच्या पिछाडीवर, जेथे त्याच्या तोफा कमी, तेथे नेऊन उभी करीत. गुराबीची तोफ उडे, आणि नाव गुराबीच्या गोलंदाजाचे होई. पण ती तोफ योग्य जागी आणली ती गलबतावर घाम गाळणाऱ्या वल्हेकऱ्यांनी. आमच्या समजुतीप्रमाणे मराठी आरमाराचे मर्म ह्या दोरात आहे.

राज्यकर्त्यांना हे चांगले समजत होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र 1715 च्या सुमारास लिहिले गेले. त्यात आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजे मध्यम आकाराची असावीत, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील अशी अवाढव्य बांधू नयेत, असा त्यात उपदेश आहे. आंबा-फणसासारखी रयतेने वाढविलेली झाडे आरमाराच्या नावाखाली तोडू नयेत, अगदी गरजच पडली तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत, असेही त्यात सांगितले आहे. आरमारासाठी राबणाऱ्याचा आणि आरमारासाठी ज्याचे झाड जाते त्याचा विचार राज्याने करावयाचा असतो, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी लेखणीला उमजले होते.

ह्या तत्त्वाची कसोटी 1679 साली खांदेरीवर लागली. खांदेरी हे मुंबई बंदराच्या तोंडाजवळ, अलिबागजवळच्या थळसमोर असलेले लहानसे बेट. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात, मायनाक भंडारी ह्यांनी थोड्या माणसांनिशी तेथे तटबंदी बांधावयास घेतली. मुंबईच्या इंग्रजांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज व इतर जहाजे पाठवून बेट कोंडले. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांच्या पन्नासेक होड्यांनी इंग्रजी काफिल्यावर झडप घातली आणि 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब पकडली. 'रिव्हेंज' मात्र हाती लागले नाही. त्याच्या तोफांपुढे मराठी होड्यांना मागे सरावे लागले व त्या उथळ पाण्यात शिरल्या. मोठ्या जहाजाला तेथे त्यांच्या मागे जाता येईना. केवळ त्या दिवसाचा निकाल पाहिला तर मराठे जिंकले असे म्हणवत नाही.

पण खांदेरीचा निकाल त्या दिवशी लागला नाही. तो रोज रात्री थोडा थोडा लागत होता. बेटावर दगड हवा, धान्य हवे, दारूगोळा हवा. हे सर्व किनाऱ्यावरून लहान होड्यांनी अंधारात, इंग्रजी जहाजांच्या मधून, पोहोचविले जाई. उंच जहाजांना ह्या होड्या अडवता आल्या नाहीत. भिंत वाढत गेली. 1680 च्या आरंभी इंग्रजांना तह करून जहाजे काढून घ्यावी लागली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. ही लढाई रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्या तांडेलांनी आणि खलाशांनी जिंकली, असे म्हणावयास आम्हाला काही अडचण दिसत नाही.

ह्याच्या उलट बाजूचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे, आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्रे ह्यांचे आरमार खाडीत एकमेकांना खेटून बांधून ठेवलेले होते. एका जहाजास आग लागली, ती दुसऱ्यास लागली, आणि पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. इंग्रजांच्या बाजूस त्या वेळी पेशवे होते, हे दुःख वेगळेच. ज्या नौकांचे सामर्थ्य हलण्यात होते त्या हलविल्याच गेल्या नाहीत. बांधून ठेवलेली गलबते म्हणजे सरपणच.

आपण म्हणाल, हे सर्व कोकणचे झाले. आपल्या तापीकाठचा ह्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो लाकडाचा आहे. तापी जेथे समुद्राला मिळते त्या सुरतेहून 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीचे कारागीर मुंबईस आले आणि मुंबईच्या गोदीचा पाया घातला गेला. त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जपून ठेवले आहे. सागवान इतके टिकते. पुढे, 1842 साली, इंग्रजांनी नवापूरच्या शेजारच्या डांगातील जंगल तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले, ते ह्याच सागवानावर डोळा ठेवून. कुऱ्हाड चालविणारा, ओंडका ओढणारा आमच्याच डोंगरपट्ट्यातला आदिवासी माणूस. त्याने ज्या लाकडासाठी रान उघडे केले ते गोदीत जाऊन काय झाले हे त्याला कोणी सांगितले नसेल. आज आमच्या जिल्ह्यातील हजारो माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा त्या जुन्या वाटेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आता घरचा किनारा सोडून थोडे दूर जाऊ. पण माणसे आपलीच आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज पाठविण्यात आली तिच्यात सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये 103, 110 व 117 ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या मुलखात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. तैग्रिस नदी हाच रस्ता. 1915 च्या मे अखेरीस कुर्ना येथे पुराच्या पाण्यातून बेलम नावाच्या अरबी होड्या लांब काठ्यांनी रेटीत फौज पुढे गेली आणि 3 जूनला अमारा हाती आले. डोंगर चढणाऱ्या शिपायांना होड्या रेटण्याची कवायत शिकावी लागली. यश इतके सोपे मिळाले की, वरिष्ठांची भूक वाढली आणि त्यांनी बगदादची वाट धरली.

नदीवर लढण्यासाठी उथळ तळाच्या तोफनौका हव्या होत्या. त्या विलायतेत बांधल्या, सुट्या केल्या, तुकडे जहाजात भरून आबादान येथे आणले आणि तेथे पुन्हा जोडले. त्यांपैकी पहिली, 'फायरफ्लाय', नोव्हेंबर 1915 मध्ये आघाडीवर पोहोचली. 1 डिसेंबरला माघारीच्या धामधुमीत ती शत्रूच्या हाती पडली. तोफनौका अशा उशिरा येत होत्या, पण त्याहून मोठी उणीव साध्या वाहतुकीच्या बोटींची होती. बसऱ्यास पुरेसे धक्के नव्हते. जहाजे माल उतरविण्याची वाट पाहत दिवसेंदिवस नदीत उभी राहत. धान्य बंदरात होते, पण आघाडीवर नेण्यास बोटी नव्हत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे नोव्हेंबरात झालेल्या लढाईतील जखमींना उघड्या बार्जांवर घालून अनेक दिवसांचा प्रवास करावा लागला, आणि त्यांच्या हालांची पुढे मेसोपोटेमिया कमिशनने चौकशी केली. तो अहवाल 1917 साली प्रसिद्ध झाल्यावर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन ह्यांना राजीनामा द्यावा लागला.

दरम्यान कूट-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात सापडली. वेढा 147 दिवस चालला. घोडी मारून खाल्ली गेली. 24 एप्रिल 1916 च्या रात्री 'जुलनार' नावाची बोट 270 टन धान्य घेऊन शेवटचा प्रयत्न म्हणून निघाली. ती कूटच्या अलीकडे अडकली व पकडली गेली. 29 एप्रिलला तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शरणागती पत्करली. त्यांत आपल्या मराठा पलटणींचे शिपाई होते. कैदेत व वाटचालीत पुष्कळ मेले. ह्या शिपायांचे शौर्य कोठेच कमी पडले नव्हते. कमी पडल्या त्या बोटी आणि त्या बोटी वेळेवर मागविण्याची अक्कल.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका बाजारात मजुरीवाढीसाठी काम बंद ठेविले. मागणी न्याय्य होती, माणसे एकजूट होती, भाषणे जोरदार झाली. अकराव्या दिवशी संप मोडला. घरोघरी ज्वारी संपली होती आणि ती कोठून आणावयाची ह्याची व्यवस्था आम्ही केलेली नव्हती. त्या वेळी आम्ही फितुरांना शिव्या दिल्या. पुढे कूटची हकीकत वाचली तेव्हा चूक कोणाची होती ते कळले. ज्यांच्या चुली विझल्या त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार पुढाऱ्याला नसतो.

दुसऱ्या महायुद्धात ह्या वाहतुकीने फारच विलक्षण रूपे घेतली. जर्मनीला काळ्या समुद्रात पाणबुड्या हव्या होत्या; परंतु तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून त्या नेणे शक्य नव्हते. तेव्हा 1942 साली सहा लहान पाणबुड्या कील येथे अर्ध्यामुर्ध्या सुट्या करण्यात आल्या. इंजिने व वरचे मनोरे काढून त्या एल्ब नदीतून ड्रेस्डेनपर्यंत आणल्या. तेथून अनेक चाकांच्या गाड्यांवर घालून पक्क्या सडकेने इंगोलश्टाटपर्यंत ओढल्या. तेथे डॅन्यूब नदीत उतरवून रुमानियापर्यंत नेल्या, आणि पुन्हा जोडून कॉन्स्टँझा बंदरातून समुद्रात सोडल्या. पाणबुडी सडकेवरून चालली आहे, असे दृश्य त्या गावांतील लोकांनी पाहिले. कारागिरीच्या दृष्टीने हे काम अजोड होते. पण ऑगस्ट 1944 मध्ये रुमानियाने बाजू बदलली आणि परतीची वाट तुटली. उरलेल्या तीन पाणबुड्या सप्टेंबरात त्यांच्याच खलाशांनी तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडवून टाकल्या. नेण्याची वाट शोधणाऱ्यांनी आणण्याच्या वाटेचाही विचार ठेवावा लागतो, हे त्यातून दिसते. नाझी राजवटीचे ते शस्त्र निकामी झाले हे जगाच्या दृष्टीने बरेच झाले.

दुसरे उदाहरण ब्रिटिशांचे. सप्टेंबर 1943 मध्ये नॉर्वेच्या खाडीत दडलेल्या 'तिरपित्झ' ह्या प्रचंड जर्मन युद्धनौकेवर हल्ला करण्यासाठी 'एक्स' वर्गाच्या सहा चिमुकल्या पाणबुड्या स्कॉटलंडहून निघाल्या. प्रत्येकीत चार माणसे कशीबशी मावत. हजार मैलांहून अधिक अंतर त्यांना आपल्या बळावर कापता येणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येकीला एका मोठ्या पाणबुडीच्या मागे दोराने बांधले. ह्या ओढीच्या दिवसांत लहान पाणबुडी सांभाळण्यासाठी वेगळी टोळी असे, आणि हल्ल्याच्या आदल्या टप्प्यावर ती उतरून लढणारी टोळी आत चढे. वाटेतली टोळी म्हणजे आमच्या भाषेत हमालच. थंडी, ओल, झोपेचा अभाव हे सर्व त्यांनी सोसावयाचे, आणि नंतर ताजीतवानी माणसे लढावयास जाणार. 'एक्स 9' चा दोर वाटेत तुटला आणि ती तिच्यातील तिघांसह समुद्रात नाहीशी झाली. 'एक्स 8' मध्ये बिघाड झाल्यामुळे ती बुडवून टाकावी लागली. 22 सप्टेंबरला 'एक्स 6' व 'एक्स 7' ह्यांनी 'तिरपित्झ'खाली सुरुंग ठेविले; युद्धनौका कित्येक महिने निकामी झाली. त्या दोन पाणबुड्यांच्या कप्तानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो योग्यच होता. पण 'एक्स 9' मधले तिघे शत्रू पाहण्यापूर्वीच गेले. ते लढाईत मेले नाहीत असे कोण म्हणेल?

आता आपण त्या वृद्ध हमालाच्या प्रश्नाकडे येऊ. 1971 च्या प्रारंभी आठ क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत रशियातून भारतात आल्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे. वेग मोठा, पण पल्ला थोडा. मुळात त्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. एकेकीचे वजन सुमारे 180 टन. आपल्या हिशेबाने अठराशे क्विंटल. त्या मालवाहू जहाजांच्या डेकवर लादून आल्या. त्यांचे ठाणे मुंबईस व्हावयाचे होते, पण एवढे वजन जहाजावरून उचलून पाण्यात ठेवील अशी क्रेन तेव्हा मुंबई बंदरात नव्हती. म्हणून त्या कोलकात्यास उतरविल्या, आणि तेथून जहाजांच्या मागे बांधून, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून, मुंबईस ओढून आणल्या.

वरवर पाहता ही एक अडचण होती. पण ह्या अडचणीतून एक गोष्ट सिद्ध झाली. किनाऱ्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या ह्या नौका खुल्या समुद्रातून इतक्या दूर ओढून नेता येतात, तर त्या कराचीच्या दिशेने का नेता येऊ नयेत? नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा ह्यांच्या काळात ह्या विचाराने आकार घेतला. ओढीचा व इंधन भरण्याचा सराव झाला. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' ह्या तीन नौका कराचीवर चालून गेल्या. त्यांचे पुढारीपण कमांडर बब्रुभान यादव ह्यांच्याकडे होते. सोबतीला 'किलतान' आणि 'कच्छल' ही मोठी जहाजे होती, आणि तेल पुरविण्यासाठी 'पोषक' हे टँकर होते. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगकाढू नौका बुडाली, 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज बुडाले. आपला एकही माणूस गेला नाही. पुढे 8 डिसेंबरच्या रात्री 'विनाश' ह्या नौकेने दुसरा हल्ला केला आणि कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. 4 डिसेंबर हा दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो तो ह्यामुळे.

विजयाच्या ह्या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि ती पाणबुडीची आहे. 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' ह्या पाणबुडीने आपल्या 'खुकरी'वर टॉर्पेडो सोडले. खुकरी काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. इंजिनघरात तळाशी काम करणाऱ्याला वर येण्यास किती वेळ मिळाला असेल, ह्याचा विचार करावा. ज्याचे काम सर्वांत खाली, त्याची सुटका सर्वांत शेवटी. हा नियम जहाजात आहे, खाणीत आहे आणि आमच्या गोदामांतही आहे.

शेवटी पुन्हा खांदेरीकडे येऊ. भारतीय नौदलाने 1968 साली आपल्या एका पाणबुडीस 'खांदेरी' हे नाव दिले. ती रशियात बांधलेली होती आणि 1989 साली निवृत्त झाली. दुसरी 'खांदेरी' मात्र मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली. ती 12 जानेवारी 2017 रोजी समारंभाने पाण्यासाठी बाहेर आली आणि 28 सप्टेंबर 2019 रोजी नौदलात दाखल झाली. तिचे पोलादी अंग तुकड्यातुकड्यांनी जोडले ते तेथील वेल्डर, फिटर आणि रिगर कामगारांनी. अशी पाणबुडी आपली आपण पाण्यात उडी घेत नाही. तिच्या आधीची 'कलवरी' 2015 साली पाँटूनवर चढवून बाहेर काढली व नंतर खोल पाण्यात अलगद तरंगविली. मायनाक भंडारींच्या बेटाजवळून आज त्याच नावाची पाणबुडी जाते, आणि तिलाही पहिल्या दिवशी कोणी तरी वाहून न्यावेच लागले.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. गलबतांनी गुराबा ओढल्या तेव्हा मराठे जिंकले. बांधून ठेवल्या तेव्हा जळाले. रात्रीच्या फेऱ्यांनी खांदेरी टिकली; बोटी नव्हत्या म्हणून कूट पडले. कोलकात्याच्या धक्क्यावर दोर नीट बांधले गेले म्हणून कराचीची वाट उघडली. शूरांचे शौर्य ह्याने उणे होत नाही. मात्र ह्या हकिगतींत अधिकाऱ्यांची नावे छापलेली असतात आणि क्रेनवाल्याचे, दोर बांधणाऱ्याचे, वल्हेकऱ्याचे नाव नसते. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि ओझे वाहणाऱ्याला कायद्याच्या कागदावर नाव दिले. इतिहासाच्या कागदावर ते अजून यावयाचे आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी गोदीत राबलेले, बंदरावर माल उतरविलेले, डांगाच्या कुपात लाकूड तोडलेले वडीलधारे असतील, तर त्यांच्या आठवणी त्यांच्या नावासह लिहून ठेवाव्यात, एवढी आमची विनंती आहे. हे काम पंडितांची वाट पाहणारे नाही. ते आपण करू शकतो.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही पुढे भेटलो. वाचलेले सर्व सांगितले, आणि उतरवणाऱ्यांची नावे पुस्तकांत दिलेली नाहीत हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले व म्हणाले, "लिखी ठेवा, भाऊ. नाव नई ते नई, उतारनारा व्हतात इतलं तरी."

तेवढे आज लिहून ठेविले आहे.